एका हाताची म्हैस

तत्त्वज्ञान हा विषय मी घेतला तो त्याचा तास दुपारी साडेबाराला असायचा म्हणून. अर्थशास्त्राचा तास सकाळी साडेसातला होता आणि त्या वेळी मी म्हशीखाली बसलेली असायची. पुढे जन्मभर मी तत्त्वज्ञानच शिकवलं, त्यामुळे लोकांना वाटतं की मला लहानपणापासून जगण्याच्या अर्थाबिर्थाची ओढ असणार. एखाद्या कार्यक्रमात कुणी तशी ओळख करून दिली की मी खाली मान घालून ऐकून घेते. खरं म्हणजे गंगावेशीतल्या गवळ्याच्या घरात सकाळी साडेसातला मोकळं कुणीच नसतं, दारातलं कुत्रंसुद्धा.

आमचं घर म्हणजे पुढे दोन खोल्या, वर एक बुटकी माडी आणि मागे गोठा. घर आणि गोठा यांच्यामध्ये एक दार होतं, ते कधी लागल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे घरात कुठेही बसा, गोठा कानावर असायचाच. साखळीची खळखळ, रवंथ, माश्या हाकलणारी शेपटी, आणि धार. रिकाम्या बादलीत पहिली धार पडते तेव्हा तिचा आवाज कडक येतो, मग तळ झाकला की मऊ होतो, आणि फेस चढला की नुसतं घुमत राहतं. आई चुलीपुढे बसून त्या आवाजावरून सांगायची की आता आबांची दुसरी म्हैस संपली, आता दादा तिसरीला बसला, आणि त्या हिशेबाने भाकरी तव्यावर टाकायची. आम्ही हात धुऊन आत येईपर्यंत भाकरी फुगलेली असायची. सोबत खर्डा आणि दही. दही असं की वाटी उलटी केली तरी हलायचं नाही. घरात आठ म्हशी, पण आबा स्वतः मात्र कोरा चहा प्यायचे. विकायचा माल आपण तोंडाला लावू नये, असं ते लोकांना सांगायचे. आई म्हणायची, कसलं काय, त्यांना दुधाचा वासच सोसत नाही.

संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर जायच्या. ज्यांनी आमचं कोल्हापूर पाहिलेलं नाही त्यांना हे सांगावं लागतं. संध्याकाळचं दूध घरात काढून विकायचं नाही, म्हैसच चौकातल्या कट्ट्यावर न्यायची आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत त्याच्या भांड्यात धार काढून द्यायची. कुणी तांब्या आणायचं, कुणी किटली, कुणी उभ्या उभ्या पेला तोंडाला लावून ओठांवर पांढरी मिशी घेऊन जायचं. पाण्याचा संशय नको, म्हणून ही रीत. पण या रीतीत गवळ्याची इज्जत म्हशीच्या मर्जीवर असते. ऐन वेळी म्हशीने पान्हा चोरला, म्हणजे दूध वरच ओढून धरलं, की दहा माणसांसमोर रिकामं भांडं घेऊन बसावं लागतं. तसं झालं की आबा घरी आल्यावर तासभर कुणाशी बोलायचे नाहीत.

हौशी माझी म्हैस. मी बारा वर्षांची असताना ती जन्मली आणि तिच्या आईने तिला जवळच घेतलं नाही. मी तिला बोटं चोखायला देऊन, बाटलीने दूध पाजून वाढवलं. ती मोठी होऊन व्याली तेव्हा पहिल्या दिवसापासून तिने माझ्याशिवाय कुणाला कासेला हात लावू दिला नाही. दादा एकदा बसला, तर बादली गोठ्याच्या त्या टोकाला आणि दादा या टोकाला. अशा जनावराला आमच्यात एका हाताची म्हैस म्हणतात, आणि गवळ्याच्या तोंडी ती शिवी असते. आबांनी मला तेव्हाच बजावलं होतं की तिला हातपालट लाव, अधूनमधून दुसऱ्याला बसू दे. मी ऐकलं नाही. का ऐकलं नाही तेही सांगून टाकते. मला फार बरं वाटायचं. घरात मला कुणी दुसरं विचारत नव्हतं, पण हौशी माझ्यावाचून अडायची. त्यात मी परीक्षेचा अभ्यास तिच्याखाली बसून म्हणायची. इतिहास, मराठीच्या कविता, पुढे तर्कशास्त्राचे नियम. हळूहळू असं झालं की माझा आवाज कानावर पडला की तिची कास भरून यायची. मी गप्प बसले तर ती मान वळवून बघायची.

कॉलेजात तत्त्वज्ञानाला आम्ही चार जण होतो. सर किडकिडीत, अबोल, सगळ्या विद्यार्थ्यांना अहोजाहो करणारे, आणि संध्याकाळी पितळी तांब्या घेऊन आमच्याच कट्ट्यावर येणारे. त्यांनी आम्हाला स्टोइक मंडळी शिकवली. ग्रीसमधल्या एका ओसरीत, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘स्टोआ’त, बसून हे लोक शिकवायचे म्हणून त्यांना ते नाव पडलं, असं सांगून सर त्यांना ‘ओसरीवाले’च म्हणायचे. या ओसरीवाल्यांचं म्हणणं सरांनी आम्हाला घरगुती करून सांगितलं. जगातल्या सगळ्या गोष्टींचे दोन ढीग करा. आपल्या हातात आहे ते एकीकडे, हातात नाही ते दुसरीकडे. दुसऱ्या ढिगाशी भांडत बसू नका. मला हे एकदम पटलं, कारण आबा हेच करत होते. सरकीचा भाव, उन्हाळ्यातली वैरण, गिऱ्हाइकाची जीभ, यावर ते कधी शब्द खर्चायचे नाहीत, पण कास धुवायचं पाणी गढूळ दिसलं तर घर डोक्यावर घ्यायचे.

पटलं ते ठीक, पण नवा मुसलमान पाचाच्या जागी सात वेळा नमाज पढतो, तसं माझं झालं. बस चुकली तरी ते आपल्या हातात नाही, पाऊस आला तरी ते आपल्या हातात नाही, असं मी घरभर सांगत सुटले. एकदा माझ्याकडून वांग्याची भाजी करपली तेव्हाही मी तेच ऐकवलं. आई म्हणाली, “भाजी तुझ्याच हातात हुती की.” दादा आठवडाभर हसत होता.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला आणि सरांच्या सांगण्यावरून मी पुण्याला अर्ज केला होता त्याचं पत्र आलं. एम. ए.ला जागा मिळाली होती, वसतिगृहातली खोलीही. जायला सहा आठवडे होते. आमच्या घरातली कुठलीही मुलगी लग्नाशिवाय गाव सोडून गेली नव्हती. मला वाटलं होतं आबा नको म्हणतील, आणि मी भांडणाची सगळी तयारी करून ठेवली होती. आबांनी पत्र दादाकडून वाचून घेतलं, कोरा चहा संपवला आणि म्हणाले, “जा. पर हौशीचं काय ते बघून जा. ती दुसऱ्याला दूध देत न्हाय, आणि भाकड म्हस गवळ्याच्या दारात ऱ्हात न्हाय. तुझ्या मागं तिनं दूध दिलं तर ऱ्हाईल. न्हाय तर वडगावच्या बाजारात जाईल.”

पेठ वडगावच्या बाजारात दुधाची म्हैस कोण घेतं आणि बिनदुधाची कोण घेतं, हे आम्हाला ठाऊक होतं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. हौशीचं रेडकूही त्या वेताला दगावलं होतं, त्यामुळे रेडकू लावून पान्हा आणायची सोय नव्हती. तिचा पान्हा सोडवणारं जगात एकच माणूस होतं आणि ते पुण्याला निघालं होतं.

मी काय केलं असेल? मी ओसरीवाल्यांना साक्षी ठेवून हौशीला दुसऱ्या ढिगात टाकलं. दुसऱ्या दिवसापासून मी गोठ्यात जाणं बंद केलं. सहा महिन्यांपूर्वी दादाचं लग्न झालं होतं आणि वहिनी राधानगरीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतून आमच्या घरी आली होती. ती फारशी बोलायची नाही. हाक मारली की यायची, सांगितलं ते करायची. तिला म्हटलं, आजपासून हौशी तुझी. आणि मी माडीवर जाऊन पुस्तक उघडून बसले. खालून हौशी हंबरत होती. पहिल्या दिवशी तासभर, दुसऱ्या दिवशी दिवसभर. मी पुस्तकावरची नजर हलवली नाही. डोळ्यांत पाणी येत नाही, याचा मला अभिमान वाटत होता. मी वहीत तसं लिहूनही ठेवलं. ती वही अजून माझ्याकडे आहे आणि ते पान मी कुणाला दाखवत नाही.

चौथ्या सकाळी आबा माडीवर आले. गुडघ्यांमुळे ते कधी वर यायचे नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं, खाली नेलं आणि माझा तळवा हौशीच्या कासेवर ठेवला. कास दगडासारखी घट्ट झाली होती आणि एका बाजूने चटका बसावा इतकी तापली होती. तीन दिवस वहिनीने धडपडून काढलं ते तांब्याभरही नव्हतं, आणि त्या दिवशी त्यात रक्ताची तार होती. हौशीने माझ्याकडे बघून मान हलवली, पण लाथ मारली नाही. मारली असती तर मला बरं वाटलं असतं. मी तिथेच शेणात बसून रडले. वहिनी बाजूला उभी होती, तीही रडत होती, आणि मला वाटलं की ती भीतीने रडतेय.

त्या संध्याकाळी सर तांब्या घेऊन आले तेव्हा मी त्यांना कट्ट्याच्या कडेला नेऊन सगळं सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही शिकवलं तसंच मी केलं. सरांनी तांब्या खाली ठेवला.

“म्हैस दूध देईल की नाही, हे तुमच्या हातात होतं का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग तुमच्या हातात काय होतं?”

“धार काढणं. तिला सवय लावणं.”

“आणि तुम्ही नेमकं तेच टाकून दिलंत,” सर म्हणाले. “ढीग बरोबर केले होतेत. फक्त काम असलेला ढीग फेकलात.”

ते चिडले नव्हते. तांब्या उचलून रांगेत जाऊन उभे राहिले. आज मोबाइलवर रोज कुणीतरी मला ‘सोडून द्यायला शिका’ म्हणून व्हिडिओ पाठवतं. छान संगीत, समुद्राची लाट, दीड मिनिटात शांती. दीड मिनिटात म्हशीची कास धुऊन होत नाही. मी ते व्हिडिओ पाहते आणि पाठवणाऱ्याला फोन करून बोलते. त्यामुळे हल्ली ते कमी येतात.

दुसऱ्या दिवसापासून मी पदर खोचला. आधी आठवडाभर औषध, गरम पाण्याचा शेक, आणि दर दोन-तीन तासांनी कास मोकळी करणं. तिला दुखायचं, ती पाय झाडायची, माझ्या मांडीवर आजही एक खूण आहे. कास मऊ पडली तेव्हा साडेचार आठवडे उरले होते. मी ठरवलं की आता या साडेचार आठवड्यांत मी हौशीच्या आयुष्यातून थोडी थोडी निघून जायचं, तिला पत्ता लागू न देता. वहिनीला माझी गोठ्यातली जुनी साडी नेसायला दिली. त्या साडीला शेणाचा, सरकीचा आणि माझ्या घामाचा वास होता, आणि मी तशीच न धुता दिली. वहिनीने नाक मुरडलं नाही. आम्ही दोघी एकाच पाटावर खेटून बसायचो. मी धार काढायची, वहिनीचा हात माझ्या हातावर. मग तिचा हात खाली आणि माझा वर. मी तोंडाने तर्कशास्त्राचे नियम म्हणायची. हौशीने पहिले दोन दिवस धार मध्येच तोडली, तिसऱ्या दिवशी अर्धी बादली दिली.

वहिनीचा हात मात्र वेगळा होता. मी अंगठा मुडपून धार काढायची, ती अख्ख्या मुठीने. मी तिला माझ्यासारखं काढायला लावत होते, बोटं धरून धरून शिकवत होते आणि ती मुकाट्याने शिकत होती. एक दिवस तिने हात थांबवला. तोवर ती माझ्याशी एका वेळी चार शब्दांपलीकडे बोलली नव्हती.

“वन्सं,” ती म्हणाली, “तुमचा हात तुमी संगं घिऊन जावा. मी माझ्या हातानं काढतो.”

आमच्याकडे बायका ‘मी काढतो, मी येतो’ असंच बोलतात, पुण्यात त्यावरून मुली मला वर्षभर हसल्या. पण त्या वेळी मला हसू आलं नाही, राग आला. काल आलेली ही, हौशी माझी, आणि मला सांगते. पाटावरून उठायला मला बराच वेळ लागला. उठले आणि मागे उभी राहिले. वहिनीने मुठीने धार लावली. हौशीने मान वळवली, मी तोंडाने चालू ठेवलं, आणि तिने दूध दिलं.

मग आवाज लांब न्यायचा होता. एक दिवस शेपटीपाशी उभी राहून, नंतर दारातून, नंतर स्वयंपाकघरातून. दाराच्या अलीकडे आले की दूध निम्म्यावर यायचं. पुन्हा दोन पावलं पुढे जायचं, पुन्हा मागे यायचं. आई भाकरी थापता थापता ते ऐकून इतकी वैतागली की एकदा म्हणाली, त्या नियमांपेक्षा रेडिओ बरा. जायला आठ दिवस राहिले असताना मी वहिनीला हौशीबरोबर कट्ट्यावर पाठवलं आणि स्वतः रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पायरीवर बसले, तोंड बंद ठेवून. हौशीने पान्हा चोरला. वहिनी कासेला पाणी मारत होती, थोपटत होती, रांग वाढत होती. एक गिऱ्हाईक ओरडलं, “काय पावणं, म्हस हाय का दगड?” दोन पावलं पुढे जाऊन एक शब्द बोलले असते तरी बादली भरली असती. आबा माझ्याकडे बघत होते. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिले. रांगेत सर होते. ते थोडा वेळ थांबले आणि रिकामा तांब्या घेऊन घरी गेले. त्या रात्री आबा बोलले नाहीत. दादाने फक्त एवढंच सांगितलं की सोमवारी वडगावचा बाजार आहे.

सोमवार पाच दिवसांवर होता. त्यापुढचे तीन दिवस मी सकाळी स्वयंपाकघरात तोंड मिटून बसले आणि तिन्ही दिवस बादली जेमतेम तळ झाकून आली. कास पुन्हा सुजू नये म्हणून दुपारी मला बसावं लागायचं, आणि बसले की सगळं केलेलं पाण्यात जातंय हे कळायचं. तरी मी सकाळचा नेम मोडला नाही. आई म्हणाली, बाई, एक सकाळ बोल, जनावराचा जीव वाचंल. मी म्हटलं, आज वाचेल, मी गेल्यावर काय?

चौथ्या सकाळी मी चुलीपाशी बसले होते. गोठ्यातून बोलणं ऐकू आलं. आधी वाटलं बाहेरची कुणी बाई आली असावी, कारण तो आवाज मी ओळखलाच नाही. वहिनी बोलत होती. हौशीशी. सावकाश, न थांबता. त्यांच्या वाडीत आता पाऊस लागला असेल, म्हणत होती. चार-चार महिने सूर्य दिसत नाही, चुलीवर टांगून कपडे वाळवायचे. भात लावून झाला असेल का. आईचा पाय दुखत होता तो आता कसा असेल. धाकटीचं जमवायचं चाललं होतं, कुणी कळवलं नाही. मग म्हणाली, “हितं लई माणसं हाईत, हौशे, पर जेवलीस का म्हणून इचारणारं कुणी न्हाय.”

आणि बादलीत धार पडली. कडक, मग मऊ, मग घुमायला लागली. आईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो आणि दोघींनाही एकाच वेळी लाज वाटत होती. सात महिने ती पोर आमच्या घरात होती आणि तिचा आवाज आम्हाला ओळखू आला नव्हता. वहिनीशी माझं पुढे जे जुळलं ते रक्ताच्या नात्यातही जुळत नाही, पण त्याची सुरुवात अशी लाजेने झाली. आणि लाजेच्या खाली दुसरंही होतं. मला हेवा वाटला. माझी म्हैस दुसरीच्या सुखदुःखावर पान्हावली होती. हौशी वाचली म्हणून मी देवापुढे साखर ठेवली, आणि मग माडीवर जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. या वेळी वहीत काही लिहिलं नाही.

सोमवारी बाजाराचं नाव कुणी काढलं नाही. गुरुवारी माझी सकाळची एसटी होती. आबा माझी ट्रंक उचलायला दादाच्या आधी पुढे झाले. नवी साडी नेसून मी गोठ्याच्या दाराशी गेले. वहिनी हौशीखाली बसली होती, पदर खोचून, मुठीने, आणि तिच्याशी काहीतरी बोलत होती. बादली निम्मी भरली होती. हौशीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला एकदा तिच्या कपाळावर हात ठेवायचा होता, एवढंच. मी पाऊल उचललं.

वहिनीने धार न थांबवता माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

“वन्सं, म्होरं येऊ नगासा,” ती हळूच म्हणाली. “तुमचा हात लागला तर ती परत वाट बघत बशील.”

मी उचललेलं पाऊल मागे घेतलं. हौशीने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, मग तोंड गव्हाणीत घातलं आणि वैरण खायला लागली. मी तिथूनच वळले.